आडतीवर स्वस्त कार्डं विकताय? मग निदान या चुका टाळा

"काका, माझ्याकडे जुनी अमेरिकन कार्डं आहेत, किती येतील?" हा प्रश्न मला आता लग्नात, वर्षश्राद्धाला, एकदा तर एसटीत उभ्याने विचारला गेलाय. कार्डं म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेली, लोक जमवतात ती. विचारणाऱ्याने कार्डं मोजलेली नसतात, पुसलेली मात्र असतात, तीही ओल्या फडक्याने. त्यामुळे एकदाच लिहून ठेवतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देईन.

माझे मामा बोटीवर होते. 1988 ते 1997 या काळात त्यांची बोट बाल्टिमोर, ह्यूस्टन अशा बंदरांना लागायची आणि येताना मामा आम्हा भाचरांसाठी बेसबॉलच्या, बास्केटबॉलच्या कार्डांची पाकिटं आणायचे. आम्हाला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कार्डं ट्रंकेत गेली, ट्रंक माळ्यावर गेली. वीस-बावीस वर्षांनी ती खाली काढली आणि मी हा धंदा शिकलो. शिकलो म्हणजे आधी बुडालो.

कन्साइनमेंट म्हणजे काय, हे देवगडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आपण वाशीला पेट्या पाठवतो, आडत्या विकतो, आपला खर्च कापून पट्टी पाठवतो. इथेही तेच. अमेरिकेतली कंपनी तुमची कार्डं घेते, ओळखते, दोन्ही बाजूंचे फोटो काढते, गोदामात ठेवते. भाव तुम्ही घरबसल्या लावता. गिऱ्हाईक दहा विक्रेत्यांची वीस कार्डं घेतं आणि एकाच पाकिटात मागवतं, म्हणून पाऊण डॉलरचं कार्डही विकलं जातं. एकटं पाठवायचं झालं तर त्यापेक्षा टपालखर्चच जास्त. फरक दोन. इथला माल पिकून नासत नाही, आणि भावाला तुमच्याशिवाय कुणी जबाबदार नसतं. "आडत्याने बुडवलं" म्हणायची सोय नाही.

सगळाच माल पेटीत भरणं

ही पहिली चूक, आणि ती मी पुरेपूर केलेली आहे.

पहिल्या खेपेला मी 412 कार्डं पाठवली. जुनी आहेत, अमेरिकन आहेत, मामांनी आणलीत, म्हणजे किमती असणारच. दाखलखर्च, म्हणजे कार्ड दाखल करून घ्यायचे कंपनीचे पैसे, एका कार्डामागे 40 सेंट होता. तो मी वाचला होता, पण गुणाकार केला नव्हता. 164 डॉलर 80 सेंट. वर्षभरात विकली गेली 37 कार्डं, त्यांचे मिळून आले 29 डॉलर. उरलेली 375 परत मागवायची तर कार्डांपेक्षा भाडं जास्त. शेवटी फुकट म्हणावं अशा भावाने काढली. घरात अजून तो विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो.

कारण समजून घ्या, म्हणजे तुमचे डॉलर वाचतील. 1952 साली टॉप्स कंपनीने काढलेली बरीच कार्डं खपली नाहीत. 1960 मध्ये कंपनीच्या साय बर्गर यांनी तो उरलेला माल बार्जवर चढवून अटलांटिकमध्ये बुडवला. त्यात मिकी मँटल या बेसबॉलच्या नामवंत खेळाडूची कार्डंही होती. त्याच 1952 च्या मँटलचं एक उत्तम स्थितीतलं कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. जुनी कार्डं सोन्याच्या भावाने जातात हे ऐंशीच्या दशकातच अमेरिकेत घरोघरी कळलं होतं. लोकांनी नवी कार्डं खोक्यांनी घेऊन जपून ठेवली, आणि कंपन्यांनी मागणी दिसताच छापखाने सैल सोडले. साधारण 1987 ते 1993 मधला बहुतेक माल म्हणूनच आज रद्दी आहे. 1952 चा माल बुडाला म्हणून दुर्मीळ झाला; हा कुणी बुडवलाच नाही, सगळ्यांनी जपला. मामा नेमके त्याच वर्षांत खरेदी करत होते.

आपल्याकडे पेटीचा आंबा वेगळा, कॅनिंगचा वेगळा. डागी फळ डझनाच्या पेटीत कुणी घालत नाही. मग कार्डांच्या वेळीच ही अक्कल कुठे जाते? मी आता तीन ढीग करतो. ज्या कार्डाचा खरा विक्रीभाव दाखलखर्चाच्या तिप्पट आहे तेच पेटीत. खेळाडू बरा पण भाव कमी, असा माल एका संघाचा किंवा एका खेळाडूचा गठ्ठा करून एकगठ्ठा विकायचा. 1990 च्या टॉप्सचा संच 792 कार्डांचा आहे. तो पूर्ण जमला तर फोडून पाठवू नका, सुटी कार्डं दाखलखर्चातच मरतील. तिसरा ढीग भाचरांना खेळायला. हा तिप्पटीचा हिशेब कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या 164 डॉलरमधून आलेला आहे. तुम्ही दुप्पट धरा, चौपट धरा, पण पेटी भरण्याआधी काहीतरी धरा.

एक गंमत सांगतो. पैसे कायम नावाजलेल्या खेळाडूतून येतात असं नाही. नावाजलेल्याचं साधं कार्ड हजारो विक्रेत्यांकडे पडलेलं असतं. याउलट एखाद्या बिनचेहऱ्याच्या खेळाडूचं, मागे-पुढे अनुक्रमांक छापलेलं, मोजक्याच प्रतींचं कार्ड त्याच्या गावचा कुणी संग्राहक झडप घालून नेतो.

ऊन, दमट हवा आणि मामी

दुसरी चूक खास आपल्या किनाऱ्याची. अमेरिकेतल्या सूचनांमध्ये ती सापडणार नाही.

मे महिना, आगोटीची कामं चाललेली. खळ्यात आमसुलं वाळत घातली होती. मी बाजारातून आलो तर आमसुलांच्या शेजारी चादरीवर माझी कार्डं ओळीने मांडलेली. मामी म्हणाली, "अरे, कसर लागतली म्हणान उन्हात घातलंय." हेतू शंभर टक्के चांगला. संध्याकाळपर्यंत साधी पुठ्ठ्याची कार्डं वाचली, पण 1996 नंतरची टॉप्स क्रोम मंगलोरी कौलासारखी वाकून बसली. क्रोम कार्डात एका अंगाला चकचकीत थर आणि दुसऱ्या अंगाला कागद असतो. कागद हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, वरचा थर तसं काही करत नाही. एकाने अंग फुगवायचं किंवा आक्रसायचं आणि दुसऱ्याने जागचं हलायचं नाही, मग कार्ड वाकणारच. मामीला मी काही बोललो नाही. बोलून कुठे जाणार होतो, जेवायला तिथेच होतो.

पावसाळ्यात याच्या उलट होतं. कुडाळचा एक भाचा आहे, हुशार, पण दम धरणं नावाला नाही. जुलैच्या भर पावसात त्याने टॉप्सच्या 1991 च्या स्टेडियम क्लबचा गठ्ठा झिपच्या पिशवीत बंद करून ठेवला. पाणी आत जाऊ नये म्हणून. पाणी आत गेलं नाही, पण पिशवी बंद करताना आत होती ती दमट हवाही बाहेर आली नाही. गुळगुळीत मुलाम्याची ही कार्डं एकमेकांना चिकटून त्यांची वीट होते. त्याने ती पापड सुटे करावेत तशी ओढली. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर. मला फोटो पाठवून विचारतो, "आता याला छपाईतली चूक म्हणून विकता येईल का?" नाही येणार, बाळा.

माझी पद्धत साधी आहे. ज्या दिवशी मिठाच्या बरणीला पाणी सुटलेलं असतं त्या दिवशी कार्डांना हात लावायचा नाही. निवड, स्लीव्ह (प्लास्टिकचं पातळ कव्हर) घालणं, पॅकिंग, सगळं दिवाळी ते शिमगा या दिवसांत. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या पुड्या पावसाळ्याआधी बदलायच्या. डबा जमिनीवर किंवा कपाटाच्या खालच्या खणात ठेवायचा नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीने चिपळुणात काय केलं ते पाहिल्यावर तरी नाही. डांबराच्या गोळ्या कार्डांत टाकू नका, वास वर्षानुवर्षं जात नाही आणि गिऱ्हाईक तक्रार करतं. वाकलेलं कार्ड इस्त्रीने सरळ करू पाहणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आता बाकीच्या चुका, भराभर

मागितलेला भाव म्हणजे भाव नव्हे. ईबेच्या ऑनलाइन बाजारात कुणीही 500 डॉलर लिहू शकतं. तिथे विकून झालेल्या वस्तूंची वेगळी यादी काढता येते, ती बघा. त्यातही पीएसए या कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीचा 10, म्हणजे सर्वोच्च, दर्जा मिळालेल्या कार्डाचा भाव आपल्या दर्जा न ठरवलेल्या उघड्या कार्डाला लावू नका. आणि दोन डॉलरचं कार्ड दर्जा ठरवायला पाठवू नका, त्याची फी कार्डाच्या कितीतरी पट असते.

1990 च्या टॉप्समधलं फ्रँक थॉमस या बेसबॉलपटूचं पुढे नाव न छापलेलं कार्ड दुर्मीळ आहे, हे खरं. मला आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी "सापडलं!" म्हणून फोन केला त्या सगळ्यांच्या कार्डावर नाव होतं. आधी बघा, मग फोन करा.

रबर लावू नका. मामांनी रबर लावलेल्या एका गठ्ठ्यात सगळ्यात वर कोण होता? बेसबॉलचा केन ग्रिफी ज्युनियर, अप्पर डेक कंपनीच्या 1989 च्या संचातलं पहिल्या क्रमांकाचं कार्ड. ट्रंकेतलं एकमेव नाव घेण्यासारखं, आणि दोन्ही कडांना रबराची खाच.

कार्डाची तपासणी समोरून करू नका. खिडकीशी तिरकं धरा, मग बारीक घडी दिसते. हापूसमधला साका जसा कापल्याशिवाय कळत नाही, तशी ही घडी सरळ उजेडात कळत नाही. फरक इतकाच की तिकडचा माणूस दिव्याखाली बघणारच असतो.

वर्ष चुकवू नका. कार्डाच्या पाठीवरच्या आकडेवारीतला शेवटचा हंगाम 1989 चा असेल तर बेसबॉलचं कार्ड बहुधा 1990 चं असतं. बारीक अक्षरातली कॉपीराइटची ओळ वाचा. चष्मा लागला असेल तर लावा, लाज कसली.

चिकटपट्टी थेट स्लीव्हवर नको. टॉपलोडरच्या (वरून उघड्या, कडक प्लास्टिकच्या कव्हरच्या) तोंडाला लावायचीच तर कागदी टेप लावा आणि तिचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे उघडणाऱ्याला ओढता येतं. कात्रीने कापायला लावलंत तर कार्डही कापलं जाईल. आणि आधी कंपनीच्या सूचना वाचा. काहींना स्वस्त माल टॉपलोडरमध्ये नकोच असतो, नुसत्या स्लीव्हमध्ये क्रमाने लावून हवा असतो. वर्ष, कंपनी, क्रमांक, याच क्रमाने.

रोज भाव उतरवू नका. अधीर माणूस सोमवारी दीड डॉलर लावतो, बुधवारी सव्वा, रविवारी पन्नास सेंट, आणि मग म्हणतो बाजार मेला. अरे बाबा, बेसबॉलचा हंगाम साधारण मार्चअखेर सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. जानेवारीत हॉल ऑफ फेमची, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीची, नावं जाहीर होतात, जुलैत कूपर्सटाउन या अमेरिकेतल्या गावी त्यांचा समारंभ होतो. ज्याचं नाव लागतं त्याची पडून राहिलेली कार्डं त्या दिवसांत हलतात. गोदामभाडं लागत असेल तर मात्र किती थांबायचं याचा हिशेब ठेवा. मी वर्षातून दोनदाच भाव बदलतो.

पाठवण्याआधी वजन करा. शंभर कार्डं म्हणजे साधारण पावणेदोनशे ग्रॅम, स्लीव्ह आणि पुठ्ठा वेगळा. आणि पार्सल बांधण्याआधी टपाल कार्यालयात विचारून या. 2025 मध्ये अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या मालाची आयातशुल्क माफी 29 ऑगस्टपासून उठवली. त्याआधीच, 25 ऑगस्टपासून, आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं. ऑक्टोबरच्या मध्याला ती पुन्हा सुरू झाली. नियम बदलले, शुल्काचा हिशेब बदलला. जुन्या माहितीवर पार्सल टाकू नका. मी शक्यतो न्यू जर्सीतला मावसभाऊ आला की त्याच्याबरोबर पाठवतो आणि तो तिथून पुढे टाकतो. त्याच्या बायकोला हे आवडत नाही, पण आंब्याची पेटी दिली की चालतं.

राहिला पैशाचा विषय. खात्यात चार डॉलर जमले की लगेच काढणारे आहेत. दर वेळी काढण्याचा खर्च, वर रुपयात येतानाची कापाकापी. मी डिसेंबरात एकदाच काढतो. गेल्या वर्षी त्यातून मोहोराच्या एका फवारणीचं औषध सुटलं. मजुरी वेगळी.