बायबलमधील अनोळखी नावाचा माग कसा काढावा: मलकीसदेकाचे उदाहरण

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात अब्राम आपला पुतण्या लोट याला सोडवून लढाईवरून परततो, तेव्हा शालेमचा राजा मलकीसदेक भाकर आणि द्राक्षारस घेऊन त्याला सामोरा येतो, परात्पर देवाचा याजक या नात्याने आशीर्वाद देतो आणि तीन वचनांत कथेतून नाहीसा होतो. असे नाव भेटले की वाचक सहसा लगेच इंटरनेटवर शोध घेतो आणि शेकडो वर्षांत साचलेले सगळे अर्थ एकदम त्याच्या पुढ्यात येतात. हे टाळायचे असेल, तर आधी मूळ उल्लेख, मग नावाचा अर्थ आणि शेवटी परंपरा हा क्रम धरावा.

प्रथम शब्दसूची, म्हणजे बायबलमधील कोणता शब्द कोठे येतो ते सांगणारा ग्रंथ, घेऊन ते नाव कोठे कोठे आले आहे ते पाहावे. मलकीसदेकाच्या बाबतीत हे काम अर्ध्या तासात होते, कारण इब्री (हिब्रू) शास्त्रात, म्हणजे जुन्या करारात, तो उत्पत्ती 14:18-20 आणि स्तोत्र 110:4 या दोनच ठिकाणी आहे आणि नव्या करारात केवळ इब्री लोकांस लिहिलेल्या, म्हणजे इब्रीकरांस पत्रात. मात्र वचन सुटे न वाचता पूर्ण अध्याय वाचावा. तसे केल्यावर दिसते की सतराव्या वचनात सदोमाचा राजा अब्रामाच्या भेटीला निघतो, पण त्याचे बोलणे थेट एकविसाव्या वचनात येते. मधली तीन वचने उचलून बाजूला ठेवली तरी कथा सलग वाचता येते, आणि म्हणूनच अनेक अभ्यासक हा प्रसंग मागाहून जोडलेला मानतात. याच ठिकाणी दोन भाषांतरे शेजारी ठेवावीत. विसाव्या वचनाच्या अखेरीस इब्रीत केवळ ‘त्याने त्याला सर्वांचा दशमांश दिला’ एवढेच आहे. कोणी कोणाला दिला, हे व्याकरण सांगत नाही. अब्रामाने दिला हा खुलासा इब्रीकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात मिळतो. भाषांतरात ‘अब्रामाने’ असा कर्ता दिसला, तर तो भाषांतरकाराचा निर्णय आहे, अशी नोंद करावी.

त्यानंतर नावाकडे वळावे. इब्री ही अरबीची भाषाभगिनी असल्याने मराठी वाचकाला येथे अनपेक्षित मदत होते: अरबीतून आपल्याकडे आलेल्या ‘मालक’ शब्दात जे म-ल-क हे धातुरूप आहे, तेच ‘मलकी’त आहे, आणि ‘सलाम’चा धातू ‘शालेम’शी जुळतो. ‘सदेक’ म्हणजे नीतिमत्त्व. पण धातू जुळला म्हणजे अर्थ हाती आला, असे समजू नये. हे नाव ‘नीतिमत्त्वाचा राजा’ असे वाचता येते, तसेच ‘माझा राजा सदेक आहे’ असेही, आणि तेथे सदेक हे एखाद्या कनानी (त्या प्रदेशातील प्राचीन रहिवाशांच्या) देवाचे नाव असू शकते. यहोशवाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात यरुशलेमच्या राजाचे नाव अदोनीसदेक आहे, ही जोड मला फार मोलाची वाटते, कारण स्तोत्र 76 मध्ये शालेम आणि सियोन, म्हणजे यरुशलेमचा डोंगर, एकाच वचनात समांतर येतात.

परंपरेचे थर सर्वांत शेवटी उघडावेत आणि प्रत्येकापुढे काळ लिहावा. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या अकराव्या गुहेत 1956 मध्ये सापडलेल्या एका गुंडाळीत मलकीसदेक हा अंतिम काळी न्याय करणारा स्वर्गीय पुरुष आहे. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसीफस त्याला कनानी राजा म्हणतो. यहुदी रब्बींनी तर त्याला नोहाचा मुलगा शेम ठरवले. हे ऐकून चमकू नये: उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायातील वर्षे इब्री पाठाप्रमाणे मोजली, तर शेम अब्रामाच्या काळात जिवंत असतो. इब्रीकरांस पत्राचा लेखक मात्र वेगळी वाट धरतो. वंशावळी भरभरून देणारे उत्पत्तीचे पुस्तक या एका माणसाच्या आईबापांविषयी गप्प राहते, आणि त्या मौनावरच तो आपला युक्तिवाद उभारतो. हे सगळे अर्थ आपापल्या काळात खरोखर मानले गेले. पण त्यांतला एकही उत्पत्तीच्या त्या तीन वचनांत लिहिलेला नाही.

लोककथांतील राक्षसी लिलिथ हिच्या बाबतीत ही शिस्त अधिकच लागते. इब्री शास्त्रात हा शब्द यशया 34:14 मध्ये एकदाच, अदोमाच्या ओसाड भूमीच्या वर्णनात येतो; आदामाची पहिली बायको ही तिची कथा ‘बेन सिराची वर्णमाला’ या मध्ययुगीन ग्रंथातली आहे.

व्यक्तीऐवजी संज्ञा अडली, तरीही हीच पद्धत चालते, फक्त येथे शब्दाची जागा अधिक बोलते. ‘सेला’ हा शब्द स्तोत्रसंहितेत 71 वेळा आणि जुन्या करारातील हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकात 3 वेळा आला आहे. त्याचा अर्थ निश्चित नाही. ग्रीक भाषांतरकारांनी तेथे वाद्यवादनाचा किंवा विरामाचा सूचक शब्द घातला. प्रत्येक ठिकाणी आधीची आणि नंतरची ओळ वहीत उतरवून पाहावी. हबक्कूकचे तिन्ही सेला तिसऱ्या अध्यायातच आहेत, आणि तो अध्याय तंतुवाद्यांवर गाण्यासाठी प्रमुख गवयाकडे सोपवलेली प्रार्थना आहे, हे त्याच्या शेवटच्या ओळीतच लिहिलेले सापडते.