परसबागेतला पाला खाताना या चुका टाळा

फळ खातो म्हणजे पानही चालेल, हा हिशेब परसबागेत चालत नाही. भोपळ्याचे कोवळे शेंडे, शेवग्याचा, मुळ्याचा, बिटाचा पाला, फ्लॉवरची पानं हे सगळं खुशाल शिजवून खा. टाकून देणं हे नुकसानच. घोळ होतो तो बटाटा, टोमॅटो आणि वांग्यापाशी.

सगळ्यात घातक गफलत म्हणजे रताळ्याचा पाला चालतो म्हणून बटाट्याचाही खुडणं. रताळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते, पण ते निराळ्या कुळातलं. रताळ्याचा वेल जमिनीवर पसरतो आणि पान एकेकटं, बदामाच्या आकाराचं किंवा खाचांचं असतं. बटाट्याचं झाड उभं वाढतं, एकाच देठावर लहानमोठी लवदार पानं असतात. त्या पानांत, कोंबांत आणि फुलांनंतर धरणाऱ्या हिरव्या टोमॅटोसारख्या फळांत सोलॅनिन आणि चॅकोनिन ही विषं असतात. उकळून ती जात नाहीत, म्हणून ‘नीट शिजवलं की झालं’ हे इथे खोटं. काही तासांत मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. ती फळं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि हा पाला गाईम्हशींना, शेळ्यांनाही घालू नका. कंपोस्टमध्ये टाकायला हरकत नाही.

कुंडीत किंवा ग्रो बॅगेत बटाटा लावणाऱ्यांची आणखी एक चूक: मातीची भर न घालणं. बटाटे उघडे पडतात, उन्हाने हिरवे होतात. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो स्वतः विषारी नाही. पण ज्या उजेडाने तो येतो त्याच उजेडाने सोलॅनिनही वाढतं. रोप वीतभर झालं की भर घाला, पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. काढलेले बटाटे अंधारात ठेवा. थोडा हिरवटपणा असेल तर जाड साल आणि डोळे कोरून काढा. हिरवा आतपर्यंत गेला असेल किंवा चव कडू लागली तर अख्खा बटाटा फेका.

टोमॅटोच्या पानांत टोमॅटिन असतं. ते सोलॅनिनपेक्षा बरंच सौम्य, पण म्हणून पाल्याची भाजी करू नये. पूर्ण वाढलेल्या हिरव्या टोमॅटोची भाजून केलेली चटणी मात्र नेहमीच्या प्रमाणात बिनधास्त खा. वांग्याची पानं टाळा. मिरचीची पानं त्याच कुळातली असूनही फिलिपिन्स आणि कोरियात शिजवून खातात. म्हणजे कुळावरून संशय घ्यावा, निकाल देऊ नये.

अळूची गोष्ट वेगळी. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचून घसा खाजतो. शोभेच्या किंवा रानटी अळूची पानं भाजीत घेऊ नका. भाजीचा अळू चिरताना हाताला तेल लावा, देठ सोला, चिंच किंवा आमसूल घाला आणि पानं पूर्ण गळेपर्यंत शिजवा. वड्या घाईने उतरवल्या की खाजणारच. वाफेवर 20 ते 25 मिनिटं द्या. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी अळू आणि पालक बेतानेच खावा.

पालेभाजी खुडताना घाई नको. वाफ्यात उगवलेलं धोतऱ्याचं रोप पालक किंवा माठाबरोबर सहज येतं. डिसेंबर 2022 मध्ये ऑस्ट्रेलियात अशाच धोतरामिश्रित पालकामुळे माणसं आजारी पडली. मुठीने उपटू नका, पान पान बघून घ्या. तोंडाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, जोरात धडधड, असंबद्ध बोलणं ही धोतऱ्याची लक्षणं.

फवारणी केली असेल तर बाटलीवर छापलेले दिवस उलटेपर्यंत पानं खुडू नका.

काही चुकून खाल्लं गेलंच तर ओकारी काढायचा प्रयत्न करू नका. तोंड पाण्याने धुवा आणि उरलेला पाला पिशवीत घालून रुग्णासोबत दवाखान्यात न्या. डॉक्टरांना झाड ओळखता आलं की उपचार लवकर ठरतात. श्वास लागत असेल, जीभ सुजली असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर लगेच 108 ला फोन करा.