वेल्डिंग शॉपमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी: रॉड पेटवण्यापूर्वी

आयटीआयचा वेल्डर ट्रेड पूर्ण करून भोसरी किंवा चाकणच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये रुजू होणाऱ्या मुलांना आर्कच्या, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या झोताच्या, उजेडाची पुरेशी भीती वाटते, विजेची मात्र फारशी वाटत नाही. आर्क चालू असताना विजेचा दाब २० ते ३० व्होल्टच्या आसपास असतो, असे त्यांनी वर्गात शिकलेले असते आणि ते खरेही आहे. परंतु रॉड जॉबला, म्हणजे जोडायच्या लोखंडाला, टेकलेला नसतो तेव्हा होल्डरवर, म्हणजे रॉड धरणाऱ्या मुठीच्या चिमट्यावर, साधारणपणे ५० ते ८० व्होल्ट असतात, आणि नवा रॉड लावताना आपला हात नेमका त्याच वेळी तिथे असतो. कोरड्या, धड हातमोज्यातून हा दाब जाणवत नाही. पण जुलै महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, घामाने भिजलेले हातमोजे घालून ओल्या जमिनीवर उकिडवे बसलेल्या माणसाचा जीव घेण्यास तो पुरेसा असतो.

म्हणून माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलाला मी आधी मेन स्विच बंद करून दोन्ही केबल (एक होल्डरची, दुसरी जॉबला लावायची) टोकापासून टोकापर्यंत पाहायला लावतो. कुठे चीर पडली आहे, कुठे नुसती टेप गुंडाळून जोड दिला आहे, लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) ढिला आहे का, होल्डरच्या मुठीचे इन्सुलेशन तडकले आहे का, हे त्याने स्वतः शोधायचे असते. मशीनच्या बॉडीचे अर्थिंग हा वेगळा विषय आहे. जॉबला लावायच्या रिटर्न केबललाही शॉपमध्ये 'अर्थ'च म्हणत असल्यामुळे नवा माणूस या दोहोंत गल्लत करतो.

या रिटर्न केबलकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. तिच्या टोकाचा क्लॅम्प (चिमटा) जॉबला लावण्याऐवजी शेडच्या खांबाला अडकवणे किंवा मध्ये एखादी गंजलेली सळई टाकून काम भागवणे, ही सवय जुन्या मिस्त्रींनाही असते. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडने काम करताना सुमारे १०० ते १२० अँपिअर करंट वाहतो आणि तो मशीनकडे परत जाणारच. त्याला नीट वाट दिली नाही, तर मिळेल त्या वाटेने जातो. एका शॉपमध्ये जॉबवर टेकवून ठेवलेल्या हँड ग्राइंडरच्या अर्थ वायरमधून तो गेला होता. ग्राइंडर बाहेरून ठणठणीत दिसत होता आणि चालतही होता; प्लग उघडल्यावर हिरव्या वायरचे आवरण वितळून काळे पडलेले आणि आतली तार तुटलेली आढळली. म्हणजे पुढे त्या ग्राइंडरच्या बॉडीत वीज उतरली असती, तर हातात धरणाऱ्याला अर्थिंगचा कोणताही आधार उरला नव्हता. क्लॅम्प जॉबलाच, वेल्डच्या शक्य तितका जवळ, गंज आणि रंग घासून काढलेल्या जागी लावावा. बोर्डावर ईएलसीबी (वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण मशीनमधील ट्रान्सफॉर्मरमुळे वेल्डिंगची बाजू मेन लाइनपासून वेगळी झालेली असते आणि होल्डरचा झटका त्या ईएलसीबीला कळतच नाही.

डोळ्यांबाबत थोडक्यात सांगतो. या कामाला १० किंवा ११ नंबरची काळी काच वापरावी. डोळे बिघडतात ते बहुधा मोठ्या वेल्डमध्ये नव्हे, तर स्क्रीन न घेता, मान फिरवून आणि डोळे मिटून मारलेल्या टाक्यांमुळे (जॉब जागेवर धरून ठेवणाऱ्या छोट्या वेल्डमुळे). त्रास काही तासांनी, बहुतेकदा रात्री, वाळू गेल्यासारखा सुरू होतो. बटाट्याच्या चकत्या ठेवण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे. जॉब धरणाऱ्या हेल्परलाही स्क्रीन द्यावी, आणि स्लॅग (वेल्डवर जमणारी कडक खपली) ठोकून काढताना पांढरा गॉगल डोळ्यांवर असावा.

धुराविषयी मात्र मला कळकळीने सांगायचे आहे, कारण तो सर्वांना सवयीचा झालेला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवला. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपवरील जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो आणि साधारण दुसऱ्या दिवशी उतरतो, त्यामुळे कोणी ते मनावर घेत नाही. गूळ खाल्ल्याने हा धूर फुफ्फुसातून निघत नाही. जोडाजवळचे जस्त आधी काढावे, धूर बाजूला ओढणारी सोय मागून घ्यावी आणि डोके धुराच्या वर न धरता बाजूला ठेवावे.

आता ड्रमविषयी. डिझेल, थिनर किंवा रंगाचा रिकामा ड्रम कापण्यासाठी वा त्याला डाग देण्यासाठी कोणी ना कोणी आणतोच. रिकाम्या ड्रममध्ये उरलेली वाफ हवेत मिसळून स्फोटक होते, आणि नुसते पाण्याने विसळून ती जात नाही. अशी टाकी किंवा भांडे आतील ज्वालाग्राही पदार्थ काढून टाकण्याचे पुरेसे उपाय केल्याशिवाय वेल्डिंगला घेऊ नये, असे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३७ मध्येच लिहिलेले होते. शेठ घाई करत असले, तरी नव्या मुलाने सुपरवायझरकडे वर्क परमिट (कामाची लेखी परवानगी) मागावे, आत काय होते आणि सफाई कोणी, कशी केली हे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत मशीन बंद ठेवावे.