पाऊस यायच्या आत अन्ना सफरचंद उतरवा, आणि बुंध्याशी पाणी थांबू देऊ नका

इंदूरजवळ सांवेर, देपालपूर, महू साइडला ज्यांनी अन्ना सफरचंद लावलंय त्यांच्यासाठी हे घाईत लिहितोय, कारण जून लागलाय आणि ढग जमायला लागलेत. बाकी सगळं नंतर, आधी कुदळ घ्या आणि पाणी बागेबाहेर जाईल असा चर काढा. आपली माळव्याची काळी माती पाणी धरून बसते आणि सफरचंदाच्या मुळांना ते अजिबात चालत नाही. उन्हाने मेलेली झाडं मी इकडे कमीच बघितली, बुंध्याशी पाणी साचून गेलेली मात्र दर पावसाळ्यानंतर बघतो. ऑगस्टपर्यंत झाड हिरवंगार दिसतं, मग पानं पिवळट-लालसर पडतात आणि दुकानदार सांगतो मायक्रोन्यूट्रिएंट कमी पडलं, ही बाटली घेऊन जा. अहो, साल कुजल्यावर बाटली काय करणार!

आजच बघा: बुंध्याची माती बाजूला सारा, जमिनीलगत साल नखाने जरा खरवडा. आत हिरवट-पांढरं असेल तर ठीक, तांबूस-तपकिरी आणि ओलसर असेल तर कूज लागलीय. तेवढा भाग खरवडून काढा आणि १० टक्के बोर्डो पेस्ट लावा, म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. चांगल्या झाडांनाही दोन-अडीच फुटांपर्यंत लावून ठेवा. मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम पाण्यात मिसळून ओता. दोन्ही स्वस्त आहेत म्हणूनच दुकानदार स्वतःहून काढून देत नाही. आणि कलमाचा जोड मातीत गाडला गेला असेल तर आधी मोकळा करा. माझा अंदाज असा की निम्मी झाडं इथेच जातात.

फळाचं म्हणाल तर अन्ना ही इस्रायलची जात, हिवाळ्यात साधारण ७ अंशांखालची २००-३०० तासांची थंडी तिला पुरते, म्हणून तर आपल्याकडे फळ धरतं. मेअखेर ते जूनमध्ये तयार, पिवळट हिरव्यावर लाल झाक, आंबटगोड आणि कुरकुरीत. पण टिकत नाही, घरात आठवडाभर, मग पिठूळ होतं. त्यामुळे भाव चढेल म्हणून थांबू नका, पाऊस लागायच्या आत उतरवा, इंदूरच्या चोइथराम मंडीत न्या नाहीतर शेजारीपाजारी विका. उरलेल्याचा मुरंबा, जॅम छान होतो, आणि हिरवट फळांची चटणी तर भाकरीबरोबर मस्त लागते.

एकटी अन्ना लावून फळ कमी येतं हेही खरं. परागीभवनासाठी मधमाश्यांसोबत डॉर्सेट गोल्डन या दुसऱ्या सफरचंद जातीची झाडं मध्ये मध्ये हवीत, दोन्ही साधारण एकत्र फुलतात. फ्लॉवरिंग टॉनिकने ते काम होत नाही.

बाकी कामं:
– पोपटांसाठी जाळी
– गळलेली फळं उचलून पुरणे
– तण काढणे
– आच्छादन बुंध्यापासून वीतभर लांब
– छाटणी डिसेंबर-जानेवारीत

जानेवारीत नवीन रोपं लावणार असाल तर खड्डा करून त्यात झाड उतरवू नका, काळ्या मातीत तो खड्डा म्हणजे हौदच. दीड-दोन फूट उंच गादीवाफा करा आणि त्यावर लावा, उतार नाल्याकडे ठेवा. तोवर पहिला जोराचा पाऊस झाला की तासाभराने बागेत एक चक्कर मारा, जिथे पाणी अजून थांबलेलं दिसेल तिथला चर त्याच दिवशी खोल करा.