उंच केलेली जुनी पिकअप, घसरलेलं ॲव्हरेज : या चुका टाळा

"आधी बारा द्यायची, आता नऊवर आली. इंजिनचं काम निघालं वाटतं." जुन्या डिझेल पिकअपला गाडी उंच करणारं लिफ्ट किट लावून मोठे टायर चढवले की दोनेक महिन्यांत हे वाक्य येतंच. माझ्याही तोंडी आलं होतं. मी इंजेक्टरचे नोझल काढून तपासून घेतले, पंप बघून घेतला, पैसे मोजले आणि ॲव्हरेज जागचं हललं नाही. चोर बॉनेटखाली नव्हताच, चाकांपाशी बसला होता.

आधी हिशेब दुरुस्त करा

मोठे टायर टाकून जुन्या मीटरवर विश्वास ठेवणं ही सगळ्यात सार्वत्रिक चूक. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण ७३३ मिलिमीटर. त्या जागी ३१ इंची टायर आला की ७८७. म्हणजे दर फेरीला गाडी सात टक्के जास्त पुढे जाते आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो. मीटरवर ४५० किलोमीटर पडले, डिझेल ४८ लिटर गेलं, तर तुम्ही म्हणणार ९.४. प्रत्यक्षात गाडी ४८० च्या वर धावलेली असते, म्हणजे ॲव्हरेज दहाच्या पुढे. पुणे एक्स्प्रेसवेवर किलोमीटरचे दगड आहेत, त्यांच्याशी मीटर एकदा ताडून बघा. मोबाईलचं जीपीएसही चालेल. आणि हो, काटा ८० दाखवत असताना गाडी त्याहून जोरात असू शकते. चलानवाल्या कॅमेऱ्याला तुमचा टायर मोठा आहे हे कळत नाही.

भरण्याची पद्धतही एकच ठेवा. डिझेलला फेस येतो, त्यामुळे एकदा पहिल्या ऑटोकटला (पंपाची नळी आपोआप बंद होते तिथे) थांबायचं आणि पुढच्या वेळी गाडी हलवून हलवून गच्च भरायची, असं केलं तर आकडा काहीही येईल. तोच पंप, पहिला कट, तीन टाक्यांची सरासरी. संध्याकाळी सात वाजता सायनहून ठाण्याला रांगत जाणं आणि एक्स्प्रेसवेची सलग धाव एकाच हिशेबात घालू नका. अडीच लिटरचं जुनं डिझेल इंजिन एसी लावून जागच्या जागी तासभर चाललं तरी अंदाजे अर्धा ते एक लिटर पितं. त्या दिवशी गाडी कितीही निरोगी असली तरी आकडा वाईटच येणार.

आता गाडीखाली वाका

मुंबईची दमट, खारी हवा ब्रेकला मानवत नाही. पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कॅलिपरच्या (ब्रेकचा पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकतात, पॅड डिस्कला घासत राहतो आणि आपण ब्रेक लावूनच डिझेल जाळत फिरतो. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवा, शेवटी जोरात ब्रेक न दाबता गाडी थांबवा आणि प्रत्येक रिमजवळ तळहात न्या. लावू नका, भाजेल. एखादंच चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर ते जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा. मागच्या चाकांना हँडब्रेकची केबलही असंच करते.

फोर बाय फोरवाल्यांनी पुढची चाकं एक्सलला जोडणारे हब सुटले की नाही ते खाली उतरून बघावं. माळशेजच्या चिखलातून परतताना मी एकदा हब लॉक ठेवूनच घरापर्यंत आलो. पुढचा एक्सल आणि डिफरन्शियल उगाचच फिरत होते, आणि मी शिव्या देत होतो पंपवाल्याला.

लिफ्टनंतर चाकांचं अलाइनमेंट बदलतंच. टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, चुकला आहे. नव्या स्प्रिंगा बसायला थोडा वेळ घेतात, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर अलाइनमेंट पुन्हा करून घ्या. चिखलासाठी सोडलेली हवा परत भरायची राहते, हीसुद्धा नेहमीची गोष्ट. हवा सकाळी, टायर गार असताना तपासायची. दारावरचं स्टिकर मूळ टायरसाठी असतं. वेगळ्या मापाच्या टायरला टायर कंपनीच्या तक्त्यातला आकडा धरा.

आणि ज्याची गाडी वर्षातले साडेअकरा महिने हायवे आणि सोसायटी यांच्यातच फिरते, त्याने चिखलासाठीचे मड-टेरेन टायर कशाला घ्यावेत? मूळ मापाचे, हलके हायवे टायर टाका. एवढा फरक मला दुसऱ्या कशानेच पडलेला दिसला नाही.

हवेचं गणित सोपं आहे. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून वाढतो, आणि उंच गाडी त्यात छाती काढून उभी असते. छतावरचा कॅरिअर, रिकामा जेरीकॅन, रविवारपुरता लागणारा जॅक उतरवा. मागचं फाळकं उघडं ठेवलं की हवा निघून जाते, असं सांगणारे भेटतील; फाळकं बंदच ठेवा, उघड्याने फायदा होत नाही. पुढे लावायच्या लोखंडी बुलगार्डवर तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी सांगितली आहे.

मिस्त्रीचे उपाय

"थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी तापणारच नाही." हे ऐकलंत तर चावी परत घ्या. इंजिनचं तापमान राखणारा हा थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचतं, कधी पोहोचतच नाही, आणि गार इंजिन जास्त डिझेल मागतं. गाडी तापत असेल तर रेडिएटर, फॅन, वॉटर पंप बघा. काळा धूर येत असेल आणि गाडी वेग पकडत नसेल तर इंजेक्टरच्या आधी एअर फिल्टर आणि टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचे पाइप तपासा. जोडापाशी तेलकट डाग दिसला तर हवा बहुधा तिथूनच गळते. डिझेलच्या नळीला लावायच्या चुंबकांबद्दल लिहायचीही इच्छा नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी इंधन वाचवणारी शंभरावर उपकरणं तपासली, लक्षणीय फायदा एकाचाही दिसला नाही.

खंडाळ्याच्या उतारावर न्यूट्रल तर अजिबात नको. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन डिझेल जवळजवळ बंद करतं. न्यूट्रलमध्ये आयडलपुरतं जळतच राहतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर.

लिफ्टचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता मूळ रचनेत असे बदल तसेही अडचणीचे. माझी गाडी आता मूळ उंचीवर आहे. सोसायटीच्या बेसमेंटमधला आडवा बारही डोक्याला लागत नाही.