त्वरण समजून घेताना : नाशिकरोडच्या बसमधला दोरा

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मी नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला, तेव्हा 'वेगातील बदलाचा दर म्हणजे त्वरण' ही व्याख्या मला तोंडपाठ होती आणि सूत्रात किमती घालून उदाहरणेही सुटत होती. तरीही पहिल्याच चाचणीत एक प्रश्न चुकला. सरळ वर फेकलेल्या चेंडूचे सर्वोच्च बिंदूवरील त्वरण किती, असे विचारले होते. तेथे वेग शून्य होतो म्हणून मी त्वरणही शून्य लिहिले. आज मी अकरावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो आणि हेच उत्तर दर वर्षी वाचतो. ही चूक अभ्यास कमी पडल्यामुळे होते असे मला वाटत नाही. आपल्या भाषेत 'त्वरा' म्हणजे घाई, त्यामुळे त्वरण म्हणजे जोरात जाणे अशी समजूत मनात आधीच तयार असते आणि व्याख्या तिच्यावर नुसती ठेवली जाते.

माझी ती समजूत मोडली बसमध्ये. मी रोज नाशिकरोडहून सीबीएसला, म्हणजे शहरातील मध्यवर्ती बसस्थानकाला, येत असे. त्या काळी शहरातील बससेवा एसटी महामंडळच चालवत असे. आमच्या सरांनी हातभर दोऱ्याला एक जड नट बांधून दिला आणि तो प्रवासभर हातात लोंबता धरून फक्त पाहायला सांगितले. बस थांब्यावरून सुटली की नट मागे जाई, ब्रेक लागला की पुढे येई. पण द्वारका चौकाच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर बस एकाच वेगाने पळू लागली, की खड्ड्यांचे हेलकावे सोडले तर दोरा अगदी ओळंब्यासारखा उभा राही, उभ्या बसमध्ये राहतो तसाच. बस ताशी ५० किलोमीटरने चालली आहे की थांबली आहे, हे दोऱ्याकडे पाहून सांगता येत नव्हते. वेग कितीही असो, तो बदलत नसेल तर त्वरण शून्य, हे वाक्य मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले.

दोरा सारडा सर्कलपाशीही झुकत असे आणि त्याने मला अधिक विचारात पाडले. वळताना वेगमापकाचा काटा हलत नसला तरी नट वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाई. चाल आणि वेग हे दोन वेगळे शब्द पाठ्यपुस्तकात का आहेत, याचे उत्तर येथे आहे. वेगाला दिशा असते, चालीला नसते. दिशा बदलली की वेग बदलला, आणि वेग बदलला की त्वरण आले. २० मीटर त्रिज्येच्या वळणावरून बस ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, अशा स्थिर चालीने गेली तरी चालीच्या वर्गाला त्रिज्येने भागून वळणाच्या केंद्राकडे १.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण मिळते. दोऱ्यावरून त्वरण मोजताही येते : उभ्या रेषेशी त्याचा जो कोन होतो, त्याच्या टॅन्जंटला गुरुत्व त्वरणाने, म्हणजे ९.८ ने, गुणावे. कोन १० अंशांचा असेल तर त्वरण सुमारे १.७ भरते.

एककाबद्दल एक सूचना. 'सेकंद वर्ग' हे मनात उमटत नाही. म्हणून सुरुवातीला ते 'मीटर प्रति सेकंद, दर सेकंदाला' असे वाचावे. बस थांब्यावरून सुटून १० सेकंदांत ताशी ३६ किलोमीटरला, म्हणजेच सेकंदाला १० मीटरला पोहोचली, तर तिच्या वेगात दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंदाची भर पडली. तीच बस ४ सेकंदांत थांबली तर त्वरण उणे २.५.

आता चेंडूकडे परत येऊ. वर जाताना त्याच्या वेगातून दर सेकंदाला ९.८ वजा होत असतात आणि वरच्या टोकाला ही वजाबाकी क्षणभरही थांबत नाही. ती थांबली असती, तर वेगही शून्य आणि त्यातील बदलही शून्य असलेला तो चेंडू तेथेच अधांतरी राहिला असता. वरची दिशा धन मानली तर जाताना, टोकाला आणि येताना त्वरण उणे ९.८ च असते. यातून दुसराही एक घोळ सुटतो : ऋण त्वरण म्हणजे नेहमी मंद होणे नव्हे. खाली येणाऱ्या चेंडूचा वेगही ऋण आणि त्वरणही ऋण असते, तरी त्याची चाल वाढतच जाते. वेग आणि त्वरण परस्परविरुद्ध दिशांना असतील तेव्हाच मंदन होते.

बल आणि त्वरण यांची सांगड घालताना कसारा घाट आठवावा. मुंबईहून नाशिककडे येणाऱ्या गाड्यांना ३७ मीटर अंतरात १ मीटर असा चढ असतो आणि त्यासाठी कसाऱ्याला मागे जादा इंजिने जोडली जातात. इतकी इंजिने जोर लावत असताना गाडी एकसमान वेगाने सरळ चढत असेल, तर तिचे त्वरण शून्य असते, कारण इंजिनांचे बल उतारावरील गुरुत्वाकर्षण आणि घर्षण यांना पुरते तोलून धरते. त्वरण मिळते ते शिल्लक राहिलेल्या बलामुळे.

सूत्रे पाठ करण्यापूर्वी घरी एक प्रयोग अवश्य करावा. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उतरत्या खाचेतून कांस्याचा गोळा सोडून आणि भांड्यातून पडलेले पाणी तोलून वेळ मोजल्याचे वर्णन केले आहे. आपल्याला पावणेदोन-दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आणि काचेची गोटी पुरते. पट्टी काटकोनात वाकवलेली घ्यावी, तिचे एक टोक पुस्तकावर टेकवावे आणि गोटीला हलकेच घासतील असे बारीक दोरे आडवे बांधावेत. आधी ते समान अंतरांवर बांधून गोटी सोडावी. दोऱ्यांचे आवाज एकमेकांच्या जवळ येत गेलेले ऐकू येतील. मग वरच्या टोकापासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर, म्हणजे १, ३, ५, ७ या प्रमाणातल्या अंतरांनी बांधावेत आणि डोळे मिटून ऐकावे. दोरे दूर दूर जात असतात, पण आवाज घड्याळाच्या ठोक्यांसारखे सारख्या अंतराने येतात.