१५००डी द्यायचा, ५डी मार्क ३ घ्यायचा: त्याआधीची तयारी

कॅननचा १५००डी देऊन वापरलेला ५डी मार्क ३ घ्यायच्या सौद्याची भाषा सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्या लेन्स चादरीवर मांडा आणि प्रत्येकीची माउंटजवळची (लेन्स कॅमेऱ्यात बसते तिथली) खूण बघा. पांढरा चौकोन म्हणजे ईएफ-एस, लाल ठिपका म्हणजे ईएफ. कॅननच्या १५००डीवर दोन्ही बसतात, ५डी मार्क ३ वर फक्त लाल ठिपक्यावाली. म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ आणि नंतर हौसेने घेतलेली ५५-२५०, दोन्ही बाद. पन्नासची एफ/१.८ ज्याच्याकडे असेल त्याला निदान पहिल्या दिवशी लावायला काहीतरी आहे. आपल्याकडे जळगाव-धुळ्याला एक्स्चेंजच्या गप्पा कायम बॉडीभोवती, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याभोवती, फिरतात. ‘वरून किती द्यायचे’ एवढंच विचारलं जातं, आणि लेन्सचा विषय निघतो तोवर खिसा रिकामा झालेला असतो. म्हणून कागदावर आधी पाच रकाने पाडा: बॉडी, लेन्स, फ्लॅश, कार्डं, बॅटऱ्या. एकूण रकमेतले निम्मेच बॉडीला लावा. त्यात बसत नसेल तर सहा महिने थांबा. कॅमेरा २०१२ चा आहे, सहा महिन्यांत तो काही महाग व्हायचा नाही.

मग आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवा. मेगापिक्सेल वाढवायला निघाला असाल तर घरीच बसा. १५००डी २४.१ मेगापिक्सेलचा आणि ५डी मार्क ३ आहे २२.३ चा, उलट कमीच होतात. मिळतं ते वेगळं: सेन्सरचं क्षेत्रफळ अडीच पटीहून जास्त, फोकसचे ९ बिंदू जाऊन ६१, सेकंदाला ३ ऐवजी ६ फ्रेम, १/४००० ऐवजी १/८००० पर्यंत शटर आणि दोन कार्डांची सोय. याचा फरक कुठे पडतो ते आपल्याच भागात दिसतं. अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. मोरपिसांचे टोप घालून, कमरेला घुंगरू बांधून रात्रभर नाचणाऱ्या मंडळींवर फ्लॅश मारला की सगळी रात्रच पुसली जाते. तिथे आयएसओ ६४०० चा, म्हणजे अंधारासाठी सेन्सरची संवेदनशीलता खूप वाढवून काढलेला, फोटो छापण्याजोगा यावा लागतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत धुळीतून घोडा थेट अंगावर येतो तेव्हा ९ बिंदूंच्या फोकसची दमछाक होते. हळदीच्या मांडवात रंगीत एलईडी लावलेले असतात, ते वेगळंच. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालतच नाही. (रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने तिथे १८४४ पासून चित्रांच्या नकला काढण्यात वर्षं घालवली आणि पुढे कॅमेराही हाती घेतला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्या काळची सामग्री आठवली की आयएसओबद्दल कुरकुर करायला लाज वाटते.)

पण हतनूर धरणावर पक्षी टिपायला जाणाऱ्यांनी हा सौदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १५००डीच्या लहान सेन्सरवर २५० मिलिमीटरची लेन्स ४०० सारखी दिसते. फुल फ्रेमवर, म्हणजे ५डीच्या मोठ्या सेन्सरवर, पाणकावळा तेवढाच जवळ दिसायला खरोखरची ४०० घ्यावी लागते. त्यांना ७डी मार्क २ बरा. तो २०१४ चा, सेकंदाला १० फ्रेम काढतो, फोकसचे ६५ बिंदू आहेत आणि ईएफ-एस लेन्स त्याला तशाच चालतात. रील्स आणि व्हिडिओवाल्यांनी तर इकडे फिरकूच नये. ५डी मार्क ३ मध्ये ४के नाही, स्क्रीन वळत नाही, टच नाही.

वेळ आषाढातली निवडा. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि त्यापुढची लग्नसराई उरकली की फोटोवाले सामान बदलायला काढतात. घेणाऱ्यालाही पुढे तुळशीच्या लग्नापर्यंत हात बसवायला सवड मिळते. ऐन सिझनच्या तोंडावर नवी बॉडी घेऊन मांडवात उभं राहिलं तर बटणं शोधण्यातच अक्षता पडून जातात.

आता आपला कॅमेरा द्यायच्या तयारीला लागा. बिल, खोका, चार्जर, पट्टा आणि माउंटचं झाकण एका पिशवीत जमवा. खोका सापडला तर भाव मागायला तोंड राहतं. कार्डावरचे फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि कार्ड स्वतःकडेच ठेवा. मेन्यूत जाऊन वायफायच्या जोडण्या पुसा, मालक म्हणून आपलं नाव भरलं असेल तर तेही काढा, मग सगळ्या सेटिंग मूळपदावर आणा. १५००डीत सेन्सर आपोआप साफ होण्याची सोय नाही, त्यामुळे डाग असतीलच. ब्लोअरने हवा मारून जेवढं जाईल तेवढं घालवा, कापड किंवा बोट आत घालू नका. दुकानात एक्स्चेंज करण्यापेक्षा दोन्ही लेन्ससकट एखाद्या शिकणाऱ्या मुलाला थेट विकलात तर बहुधा चार पैसे जास्त मिळतील, आणि त्या लेन्सही कामी लागतील. एक्स्चेंजमध्ये फायदा एवढाच की काम एका फेरीत होतं. मात्र जुना देण्याआधी नवा तपासून हातात आलेला हवा. ‘तुमचा ठेवून जा, बॉडी परवा पाठवतो’ या बोलीवर काहीही ठेवून येऊ नका.

घ्यायला नंदुरबार-शहाद्याकडचे लोक सुरतेला जातात, भुसावळ-जळगावचे रात्रीच्या गाडीने मुंबईला बोरा बाजारात. कुठेही जा, तपासणी दिवसाउजेडी आणि दुकानाबाहेर येऊन करा. पिशवीत नेण्याच्या वस्तू अशा: लाल ठिपक्याची एक लेन्स, रिकामं सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्ड, रिकामं एसडी कार्ड, लॅपटॉप, १५००डीचीच मिनी-यूएसबी केबल (तीच चालते), टॉर्च आणि छापील वर्तमानपत्र. तुमची बॅटरी नेऊन उपयोग नाही. १५००डीला एलपी-ई१० लागते, याला एलपी-ई६. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच फोन करून सांगा, ‘दादा, बॅटरी फुल चार्ज करून ठेवा.’ ‘बॅटरी उतरली’ म्हणून तपासणी घाईत उरकायला लावायची सबब जुनी आहे.

बॉडी हातात आली की आधी बॅटरीशिवाय व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. अंधुक, धूसर दिसेल. दचकू नका, या मॉडेलमध्ये व्ह्यूफाइंडरच्या आत पारदर्शक एलसीडी आहे, बॅटरी घातली की चित्र स्वच्छ होतं. याच कारणावरून चांगला कॅमेरा नाकारून परत येणारेही असतात. मग तळाचा सीरियल नंबर बिलाशी आणि खोक्याशी जुळवा. पुढे एखादा फोटो काढून त्याच्या माहितीतही तोच नंबर येतो का ते बघा.

यानंतर कार्डाचं दार उघडा. इथे घाई नको. सीएफच्या खाचेत टॉर्च मारून डोळा जवळ न्या. आत दोन ओळींत ५० बारीक पिना दिसतील, केसांच्या ब्रशसारख्या. सगळ्या सरळ आणि एकमेकींना समांतर हव्यात. एखादी जरी कललेली दिसली तर आपलं कार्ड त्यात घालूच नका. जोर पडला की ती शेजारणीला टेकते आणि मग काम दुरुस्तीवाल्याकडे जातं. विकणारा म्हणेल, ‘भाऊ, एसडीवर चालतोच ना.’ चालतो, पण या बॉडीत एसडीची खाच संथ आहे, वेगाचं काम सीएफवर होतं. वाकलेली पिन म्हणजे दोन कार्डांच्या कॅमेऱ्याचे पैसे देऊन एका कार्डाचा कॅमेरा, तोही हळू. पिना ठीक असतील तर कार्ड सरळ धरून घाला, सहज बसलं पाहिजे.

शटर काउंटवर, म्हणजे आजवर किती क्लिक झाले त्या आकड्यावर, सगळे अडतात. निकॉनवाल्यांना एका फोटोच्या माहितीत आकडा मिळतो, कॅननच्या या बॉडीत मिळत नाही. लॅपटॉपला केबल जोडून त्यासाठीच्या सॉफ्टवेअरने वाचावा लागतो, म्हणून ते घरूनच टाकून न्या आणि ओळखीच्या कोणाच्या बॉडीवर चालवून बघा. कंपनीने शटर १,५०,००० क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. त्याच्यापुढे गेलं म्हणजे लगेच मेलं असं नाही, पण भाव पडला पाहिजे. लग्नाच्या धंद्यात राबलेल्या बॉडीचा आकडा मोठा असणारच. ‘घरमाच पडेल व्हता, जास्ती वापरेलच नही’ असं ऐकू आलं की ग्रिपचं रबर, हॉटशूच्या (वर फ्लॅश बसतो त्या खाचेच्या) कडा आणि मागच्या चाकाभोवतीची अक्षरं बघा. रबर चिकट झालंय, हॉटशूचा रंग उडून आतला धातू दिसतोय, तर तो घरात पडलेला नव्हता. खानदेशच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात गाडीत राहिलेल्या कॅमेऱ्याचं रबर सैल होतं. कोकण-मुंबईहून आलेला असेल तर बुरशीची शंका आधी घ्या. लेन्समधून टॉर्च तिरका मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात.

आता फोटो काढा. लेन्स आकाशाकडे, फोकस मॅन्युअल, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२२, आणि स्क्रीनवर मोठं करून कोपऱ्याकोपऱ्यात डाग शोधा. मऊ कडांचे करडे ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. बारीक, टोकदार ओरखडा असेल तर उठून चालू लागा. मग १/८००० वर आकाशाचेच चार-पाच फोटो. वरच्या किंवा खालच्या कडेला काळपट पट्टा आला तर शटरचे पडदे एकसारखे धावत नाहीत. वर्तमानपत्र भिंतीला लावून मधल्या बिंदूने फोकस घ्या. थोडा पुढेमागे असला तरी चालेल, मेन्यूत उणे २० ते अधिक २० पर्यंत तो सुधारता येतो. जॉयस्टिक आठही दिशांना फिरवा, दोन्ही चाकं, एएफ-ऑन (फोकसचं बटण), वरचा एलसीडी, सगळं दाबून बघा. बॅटरीच्या माहितीत रिचार्ज परफॉर्मन्स दिसतो: तीन हिरव्या पट्ट्या उत्तम, एक लाल म्हणजे नवी बॅटरी तुमच्या खर्चात धरा.

सोबत २४-१०५ एफ/४ देत असतील तर तिचं वेगळं तपासा. ही लेन्स २००५ पासूनची, दणकट आहे, पण तिच्यात अॅपर्चरची पातळ केबल तुटण्याचं दुखणं नेहमीचं. एफ/४ वर सगळं छान चालतं आणि एफ/८ केलं की स्क्रीनवर एरर ०१. म्हणून २४, ५० आणि १०५ वर, प्रत्येक ठिकाणी एफ/८ आणि एफ/११ ने क्लिक करा. लेन्स खाली धरल्यावर झूम आपोआप घसरत असेल तर ते वय आहे, पैसे कमी करायला मुद्दा आहे, नाकारायचं कारण नाही.

पैसे यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते. साध्या कागदावर बॉडी-लेन्सचे सीरियल नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या, ओळखपत्राची प्रत, जुन्या बिलाचा फोटो. भिडेखातर हे सोडू नका, चोरीचा माल निघाला तर भीड कामाला येत नाही.

घरी आल्यावर आधीच्या मालकाच्या सेटिंग पूर्ण पुसा, त्याने मोडच्या चाकावर सी१, सी२, सी३ मध्ये साठवलेल्यांसकट. कॅमेऱ्याला स्वतःचा फ्लॅश नाही, हे पहिल्याच वाढदिवसाला घरचे लक्षात आणून देतील. वायफायही नाही. पाहुण्यांना फोटो जागेवर व्हॉट्सअॅपवर हवे असतात, तर सीएफवर रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि एसडीवर लहान जेपेग अशी वाटणी करा आणि एसडीचा ओटीजी रीडर (कार्ड थेट मोबाइलला जोडणारा) खिशात ठेवा. १५००डीचा वायरवाला रिमोट याच्या सॉकेटमध्ये बसत नाही. वजन ४७५ ग्रॅमवरून ९५० वर जातं, वर २४-१०५ चे ६७० ग्रॅम. त्यामुळे कॅमेऱ्यासोबत फुकट आलेला बारीक पट्टा आणि हलका ट्रायपॉड दोन्ही बदलावे लागतील. बॅटरी मात्र सुखावेल, एका चार्जला ५०० च्या जागी ९५० फोटोंचा हिशेब कंपनीने दिलेला आहे. जिनिंगजवळ राहणाऱ्यांनी लेन्स बदलताना बॉडीचं तोंड खाली धरायची सवय लावून घ्यावी, कापसाचा तंतू सेन्सरवर बसला की ब्लोअरला दाद देत नाही.

आणि पहिल्या दोन-तीन लग्नांना ही बॉडी एकटी नेऊ नका. मित्राची कुठलीही चालती बॉडी मागून घ्या, भाड्याने मिळाली तर भाड्याने, आणि ती बॅगेत पडून राहिली तरी चार्ज करूनच न्या.